आबनाय

नकाशा फाटला होता नेमका तिथंच
जिथं दोन जमिनी एकमेकींना शिवता शिवता राहतात
आणि पाणी अंग चोरून पलीकडे जातं.

कंधारची शाळा, सातवीचा वर्ग.
मी फळ्यावर लिहिलं : सामुद्रधुनी.
दोन मोठ्या जलाशयांना जोडणारी पाण्याची चिंचोळी पट्टी.
व्याख्या पाठ होती. समुद्र मीही पाहिला नव्हता.
उदगीरला वाढलो, नांदेडला शिकलो,
पाणी म्हणून पाहिलेलं सगळ्यात मोठं काही
म्हणजे गोदावरीचा पूर,
तोही एस.टी.च्या खिडकीतून, पूल संपेपर्यंत.

दैवशाला उभी राहिली :
"सर, समुद्राची धुनी? काय धुतेत तितं?"

वर्ग हसला. मी हसता हसता थांबलो.
कारण कोशात धुनी म्हणजे नदी, आवाज करत जाणारी.
माळावरच्या मठात धुनी म्हणजे राख, चिमटा,
विझू न दिलेला विस्तव.
आणि हिच्या घरी
रोज सकाळी डोक्यावरून तळ्याकडे जाते ती.
म्हटलं, "ण वेगळा, न वेगळा, बाई. धुणं वेगळं."
"आमी न च म्हनतो की ओ सर."

फाटका नकाशा घेऊन बसले मुनीरचाचा, जिल्दसाज,
व्हरांड्यात, खळीची वाटी शेजारी.
चिरेवर बोट ठेवून म्हणाले,
"हमारे टाइम में इसकू आबनाय बोलते थे, मास्टर.
आब यानी पानी."
निजामाच्या राज्यात चार इयत्ता शिकलेले,
शाळा गेली, राज्य गेलं, शब्द तेवढे राहिले
दाढेत अडकलेल्या सुपारीसारखे.
दारातून डोकावणारा इरबा म्हणाला,
"पानी नाय? मंग निळं काहून रंगवलं?"
चाचा खोकेपर्यंत हसले.
"अरे, नाय यानी बाँसरी. नळी. ये देख, ये,"
आणि स्वतःच्या गळ्यावर बोट ठेवलं,
जिथून घोट खाली उतरताना दिसतो.
"और उलटा हुआ तो खाकनाय. दो पानी के बीच में मिट्टी."
मग कापडाची पट्टी कापली, करंगळीएवढी,
दोन्ही काठांवर खळ लावून चिकटवली.
नकाशा सांधला गेला. सामुद्रधुनी मात्र पट्टीखाली गेली.

चाचणीत दैवशालानं लिहिलं :
*समुद्र जिथं आवळून बसतो आणि बाया धुनं धुतेत ती जागा.*
मी शून्य दिलं. लाल शाईचं, जरा मोठंच.

मे महिन्यात तळं बसत गेलं.
जुनी माणसं त्याला समुद्र म्हणायची,
आम्ही त्या बोलण्याला गावकीचा फुगीरपणा समजायचो.
गाळातून दोन डबकी उरली,
एक बुरुजाकडं, एक चिंचेकडं,
आणि मधून वाहणारी हातभर धार.
तिथंच, तेवढ्याच पाण्यावर, ओळीनं दगड, ओळीनं बाया,
निळीचं पाणी एका डबक्यातून दुसऱ्यात जात होतं.
दैवशाला पिळा झटकत होती. मला बघून उठली नाही.
"सर, ही मपली माय," म्हणाली.
आणि मग, धारेकडं हनुवटी करून,
"अन् ही तुमची धुनी."

मी काय बोललो ते आठवत नाही.
बहुतेक, पाणी गढूळ आहे, असं काहीतरी.

आठ दिवसांनी पुन्हा गेलो.
धार नव्हती. त्या जागी भेगाळलेली माती,
तिच्यावरून शेळ्या पलीकडे निघालेल्या.
खाकनाय, मी मनात म्हणालो,
आणि इरबाचा प्रश्न
इतक्या उशिरा बरोबर निघाला :
आब, नाय.

सुट्टीतच गुणपत्रक काढलं, शून्याला शेपूट जोडून
नऊ करता येतो का ते पाहिलं.
येतो. पण चाचणी पाच गुणांची होती.